घरातली बॅटरी: लिथियम की सोडियम?

येत्या काही वर्षांत फ्रिजसारखीच एक मोठी बॅटरी घराघरात येईल, असं मला ठामपणे वाटतं. फेब्रुवारी 2024मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली आणि छपरांवर पॅनेल दिसू लागली. पण दुपारची वीज रात्रीसाठी साठवायची कशात?

लिथियम-आयन बॅटरी 1991मध्ये सोनीने बाजारात आणली. मोबाइल, लॅपटॉप, ई-स्कूटर सगळं तिच्यावरच चालतं. वजनाला हलकी, जागा कमी, अनुभव तीन दशकांचा. स्कूटरसाठी मी आजही हीच निवडेन. अडचण कच्च्या मालाची: लिथियम मोजक्याच देशांतून येतं आणि भारताला ते आयात करावं लागतं.

सोडियम-आयन बॅटरीत लिथियमच्या जागी सोडियम असतं, आणि सोडियम साध्या मिठातही असतं. शिवाय लिथियमच्या बॅटरीत एका बाजूला तांब्याचा पत्रा लागतोच. सोडियमच्या बॅटरीत दोन्ही बाजूंना स्वस्त ॲल्युमिनियम चालतं. पूर्ण रिकामी करूनही ती नेता येते, त्यामुळे वाहतूक सुरक्षित. सोडियमचा अणू मोठा आणि जड, म्हणून तेवढ्याच विजेला बॅटरी अधिक वजनदार होते. पण जिन्याखाली ठेवलेली बॅटरी कुणाला उचलायचीय? आणि हे काम आपल्या दारातही चाललंय: पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणे या विज्ञानसंस्थेसोबत विकसित केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर 2023मध्ये जाहीर केलं.

तयार माल आज लिथियमचाच सहज मिळतो. ज्यांना यंदाच बसवायचीय, त्यांनी तोच घ्यावा. दोन-तीन वर्षं थांबता येत असेल, तर मी सोडियमची वाट बघेन.