सुट्या भागांची अदलाबदल: बिलिंगचे पॅकेज ठेवावे की दोन पानांची शीट?

सोयाबीनची काढणी सुरू झाली की आमच्या तालुक्याच्या गावातील शेतीयंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानात दिवसभर एकच प्रश्न येतो: हा भाग आहे का, आणि नसेल तर त्याच्या जागी दुसरा कोणता चालेल? प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाचे उत्तर बिलिंगचे कोणतेही बरे पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअर, देते. दुसऱ्या अर्ध्यासाठी मात्र आपण काय वापरतो याने फार फरक पडतो, आणि तो फरक मला तीन हंगाम एका बिलिंग पॅकेजवर आणि त्यानंतरचे दोन हंगाम लिब्रेऑफिस कॅल्कच्या (एक्सेलसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरच्या) शीटवर काम केल्यानंतर कळला. बिल, जीएसटी, बारकोड या गोष्टी वाचणाऱ्याला माहीत आहेत असे धरून मी त्या वगळतो. येथे प्रश्न फक्त अदलाबदलीचा आहे.

थ्रेशरच्या पंख्याच्या दांड्यावर सहसा ब्लॉकचे बेअरिंग असते. आमच्याकडे सर्वाधिक खपणारा ब्लॉक यूसीपी २०५. तो एक वस्तू म्हणून खोक्यात येतो, पण खरे पाहता त्या दोन वस्तू आहेत: बिडाचे घर आणि त्यात बसणारे यूसी २०५ बेअरिंग. हेच बेअरिंग चार बोल्टांच्या यूसीएफ २०५ मध्ये बसते आणि दोन बोल्टांच्या यूसीएफएल २०५ मध्येही बसते. घरे एकमेकांच्या जागी चालत नाहीत, कारण बोल्टांची भोके जुळत नाहीत. आतले बेअरिंग मात्र तिन्हींत तेच असते. घर शाबूत असेल तर जुने बेअरिंग आडवे वळवून, घराच्या आतल्या दोन खाचांतून बाहेर काढायचे आणि नवे त्याच वाटेने आत घालून सरळ करायचे. एक जाड सळई आणि थोडा संयम असला तर हे काम काउंटरवर होते.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात एक शेतकरी भाऊ संध्याकाळी आले. "भाऊ, वावरात सोयाबीनची गंजी पडून हाय, मशीन बंद हाय, आजच पाह्यजे," एवढेच ते बोलले आणि खळखळणारा ब्लॉक काउंटरवर ठेवला. मी पॅकेजमध्ये यूसीपी २०५ शोधले, साठा शून्य दिसला, आणि मी त्यांना यवतमाळला जायला सांगितले. रात्री दुकान आवरताना माझ्या हाताला कडबा कुट्टीच्या खणातले तीन यूसीएफ २०५ लागले. तिन्हींच्या पोटात त्यांना हवे असलेले बेअरिंग होते. पहाटे पाऊस आला. त्यांची गंजी किती भिजली हे विचारण्याचा धीर मला पुढचे कित्येक दिवस झाला नाही.

चूक अर्थातच माझीही होती, कारण खणात काय आहे हे दुकानदाराला ठाऊक असलेच पाहिजे. परंतु साडेतीनशेच्या वर नावे असलेल्या दुकानात, हंगामात, समोर सहा माणसे उभी असताना, आपण पडद्यावरच्या शून्यावर विश्वास ठेवतो. पॅकेजने खोटे सांगितले नव्हते. त्या नावाचा माल खरोखरच नव्हता. पण ज्याच्यामुळे मशीन चालू झाली असती ती वस्तू दुसऱ्या नावाखाली होती, आणि एका नावावरून दुसऱ्या नावावर नेणारी वाट त्या पॅकेजमध्ये नव्हती. माझा कल ज्यावरून ठरला ती अडचण हीच. बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत आणि त्या दोन्हीकडे सापडतात.

सर्वच पॅकेजे अशी असतात असे मी म्हणणार नाही. टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका वस्तूला एकापेक्षा अधिक पर्यायी नावे देता येतात, आणि स्टॉक कॅटेगरी ही सोय तर वेगवेगळ्या गटांतील एकमेकांना पर्याय ठरणाऱ्या वस्तू एकत्र पाहता याव्यात यासाठीच आहे. जोडून तयार होणाऱ्या वस्तूच्या आतील घटकांची यादीही तेथे ठेवता येते. ज्यांच्याकडे टॅली आधीपासून आहे आणि हिशेब पाहणारा माणूस जाणकार आहे, त्यांनी या सोयी आधी वापरून पाहाव्यात. कदाचित त्यांना शीटची गरज भासणार नाही. संगणकाची आवड असलेला भाचा किंवा पुतण्या घरात असेल तर इन्व्हेनट्री हे मुक्त आणि विनामूल्य सॉफ्टवेअरही पाहण्यासारखे आहे. त्यात एका भागाचे उपप्रकार आणि जोडणीतील पर्यायी भाग यांची स्वतंत्र नोंद होते. पण त्यासाठी सर्व्हर म्हणून एक यंत्र सांभाळावे लागते, आणि आमच्याकडे विजेचा जो भरवसा आहे तो पाहता एका काउंटरच्या दुकानाला ते जड जाते.

मला जे कमी पडले ते पर्यायी नावानेही भागले नसते, असे आता वाटते. अदलाबदलीला अट असते आणि दिशाही असते. यूसी २०५ चे भोक २५ मिलिमीटरचे आणि बाहेरचा व्यास ५२ मिलिमीटरचा. साध्या ६२०५ बेअरिंगचीही हीच दोन मापे आहेत, तरी ६२०५ ब्लॉकमध्ये चालत नाही, कारण ब्लॉकच्या बेअरिंगची बाहेरची कडी चेंडूसारख्या गोलाईची असते आणि आतली कडी लांब असून ती स्क्रूने दांड्यावर आवळली जाते. उलट यूसी २०१, २०२, २०३ आणि २०४ या चौघांची भोके १२, १५, १७ आणि २० मिलिमीटर अशी वेगवेगळी असूनही बाहेरचा व्यास एकच, ४७ मिलिमीटर, आहे. म्हणून २०४ च्या घरात चौघेही बसतात. त्यातही सर्वांत फसवा प्रकार दांड्याचा. काही यंत्रांचा दांडा २५ मिलिमीटरचा असतो आणि काहींचा १ इंचाचा, म्हणजे २५.४ मिलिमीटरचा. १ इंचासाठी यूसी २०५-१६ वेगळे मिळते, घर तेच चालते, पण गिऱ्हाईक "पंचवीसचा" म्हणून मागतो आणि घरी गेल्यावर बेअरिंग दांड्यावर चढत नाही. व्हर्निअरने (बारीक माप घेण्याच्या साधनाने) दांडा मोजल्याशिवाय ते द्यायचे नाही, हे कुठेतरी लिहिलेले असले पाहिजे, आणि शोधताना ते आपोआप डोळ्यांसमोर आले पाहिजे.

पुलीवर चढणाऱ्या पट्ट्यांचेही तसेच. ए पट्टा १३ मिलिमीटर रुंद आणि बी पट्टा १७. बीच्या खाचेत ए पट्टा तळाशी बसून घसरतो, म्हणून तो पर्याय नव्हेच. बी ६० च्या जागी इंचभर लांब बी ६१ चालतो, पण मोटार सरकवायला जागा असेल तरच. दोन पट्ट्यांच्या पुलीवर एक जुना आणि एक नवा चढवू नये, कारण ओढ एकट्या नव्यावर येते. ऑइल सीलमध्ये, म्हणजे तेल गळू न देणाऱ्या कडीत, ३५×५२×१० (आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये) च्या जागी ३५×५२×७ बहुधा बसते, पण उलट करायला गेले तर सात मिलिमीटरच्या खोबणीत दहाचे सील बाहेर डोकावते. यांतले प्रत्येक वाक्य म्हणजे अटीसह असलेली एक नोंद आहे, आणि "अमुक हे तमुकाचे दुसरे नाव" असे म्हणून तिची बोळवण करता येत नाही.

शीटमध्ये मी दोन पाने केली. पहिल्या पानावर भाग: त्याचा क्रमांक, माप, खण आणि नग. दुसऱ्या पानावर जोडणी: कोणता भाग, कुठे बसतो, कोणत्या अटीवर, आणि ते मी स्वतः बसवून पाहिले आहे की केवळ ऐकले आहे. यूसीएफ २०५ च्या पोटात यूसी २०५ आहे, हीसुद्धा दुसऱ्या पानावरची एक ओळच आहे. गाळणी लावून यूसी २०५ निवडले की सुटी बेअरिंगे, ब्लॉकांच्या आतली बेअरिंगे आणि त्यांच्या अटी एकाखाली एक दिसतात, आणि नगांची बेरीज सूत्राने पहिल्या पानावरून येते. यात कोणतेही विशेष कौशल्य नाही. दहावीत संगणक शिकलेली मुलगी हे दोन दुपारींत करून देईल. वेळ गेला तो माल मोजून लिहिण्यात. पावसाळ्यातील मंदीचे जवळजवळ दोन महिने मला त्यासाठी लागले.

एक काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावी. भागाची ओळख क्रमांकावरून ठेवावी, यंत्राच्या नावावरून ठेवू नये. आमच्याकडे तीन माणसांनी बेअरिंग, बेरिंग आणि बेअरींग असे तीन प्रकारे लिहिले होते, आणि कुणी आकडे मराठीत घातले तर कुणी इंग्रजीत, त्यामुळे "६२०५ झेडझेड" हा एकच भाग शोधात दोन वेगळ्या ठिकाणी राहिला. शेवटी आकडे एकाच लिपीत लिहायचे ठरले आणि क्रमांक हाताने न लिहिता यादीतून निवडायची सोय केली. त्यानंतर हा गोंधळ थांबला.

शीटचा कमकुवतपणा लपवण्याचे कारण नाही. बिल झाले की साठा आपोआप कमी होत नाही. मी रोज दुकान बंद करताना बिलांवरून नग वजा करतो, आणि हंगामात ते एखादा दिवस राहून जाते. दोन काउंटर असतील, किंवा बिल करणारा आणि माल काढणारा वेगळा असेल, तर शीट मागे पडेल आणि तेथे पॅकेजच योग्य ठरेल. माझे बिलही आजतागायत पॅकेजवरच निघते. मी ते काढून टाकलेले नाही. पण "याच्या जागी काय चालेल" हा प्रश्न आला की माझा हात शीटकडे जातो. किती गिऱ्हाइके परत जाण्यापासून वाचली याची मोजणी मी ठेवलेली नाही. गेल्या दोन काढण्यांत ब्लॉकच्या बेअरिंगसाठी मी कुणाला यवतमाळला पाठवल्याचे मला आठवत नाही, एवढेच सांगू शकतो.

वीज गेली तरी शीट उपयोगी पडते, हा लाभ मी आधी गृहीत धरला नव्हता. दुसऱ्या पानाची छापील प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून काउंटरच्या बाजूला टांगलेली आहे. यूसी मालिकेच्या ओळींवर ग्रीसच्या बोटांचे ठसे इतके पडले आहेत की यंदा ते पान नव्याने छापावे लागले. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी संपूर्ण दुकान लिहायला घेऊ नये. आधी २०४, २०५ आणि २०६ हे तीन ब्लॉक घ्यावेत, त्यांची घरे आणि आतली बेअरिंगे वेगळी मोजावीत, दांड्याच्या अटी लिहाव्यात, आणि हे सर्व पोळ्याच्या आत उरकावे, कारण नंतर काढणीपर्यंत हाताला उसंत मिळत नाही.