जुन्या बेकरीचा लोगो: जुनाच उजळून घ्यायचा, नवा करायचा, की दोन्हीचा मेळ घालायचा?

दोन-तीन पिढ्यांची बेकरी हातात आली की लोगो बदलायचा विषय निघतोच आणि घरात लगेच दोन गट पडतात, मोठ्यांना पाटीला हात लावलेला नको असतो आणि धाकट्यांना इन्स्टाग्रामवर टाकायला काहीतरी नीटनेटकं हवं असतं. दोघांचंही म्हणणं खरं आहे. मी पॅकेजिंगच्या छपाईत बरीच वर्षं काढलीत, म्हणून तीनही वाटा सांगतो आणि माझं मतही सांगतो.

पहिली वाट म्हणजे जुनंच नीट करून घ्यायचं. पाटी, जुने डबे, बिलबुकं, जे सापडेल ते जमवायचं आणि अक्षरं हाताने काढणाऱ्या माणसाकडून ती पुन्हा रेखाटून घ्यायची. इथे बहुतेक जण एकच चूक करतात, पाटीचा मोबाईलवर फोटो काढून तो सॉफ्टवेअरच्या ऑटो-ट्रेसला, म्हणजे फोटोवरून आपोआप आकार काढून देणाऱ्या सोयीला देतात. फोटोत पाटी थोडी तिरकी आलेली असते, रंगाचे पोपडे निघालेले असतात, आणि ट्रेस त्या पोपड्यालाही अक्षराचाच भाग समजतो. स्टिकरवर ते कळत नाही पण मोठ्या बोर्डावर कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात. जाणता माणूस पेंटरचा ब्रश कुठे टेकला आणि कुठे उचलला हे बघून अक्षर काढतो, म्हणून ते जिवंत राहतं.

या वाटेचा फायदा म्हणजे ओळख आधीच कमावलेली असते. ट्रॉपिकाना या ज्यूसच्या ब्रँडने 2009 मध्ये खोक्यावरचं स्ट्रॉ खुपसलेलं संत्रं काढून ज्यूसचा ग्लास छापला, दोनेक महिन्यांत विक्री सुमारे 20 टक्क्यांनी पडली आणि संत्रं परत आणावं लागलं. ब्रिटनमधल्या को-ऑप या सहकारी दुकानांच्या साखळीने तर 2016 मध्ये स्वतःचा 1968 चा लोगो पुन्हा बाहेर काढला, आणि बर्गर किंगचा 2021 चा लोगोही त्यांच्या जुन्या लोगोवरूनच केलेला आहे. एवढ्या मोठ्या कंपन्या खर्च करून मागे वळतात, आणि आपल्याकडे ते आयतं भिंतीवर लटकलेलं असतं.

दुसरी वाट, सगळं नवं. नाव बदललं असेल, वाटण्या होऊन तेच नाव दोन दुकानांवर आलं असेल, किंवा जुना लोगो म्हणजे कोणीतरी कधीतरी कुठूनतरी उचललेलं शेफच्या टोपीचं चित्र असेल, तर बिनधास्त नवं करा, त्यात जपण्यासारखं काही नाही. फक्त कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइन ॲपच्या तयार टेम्पलेटवर लोगो उभा करू नका, तिथलं तयार चित्र दुसऱ्या कोणालाही वापरता येतं, त्यामुळे त्याचा ट्रेडमार्क तुम्हाला घेता येत नाही. पोस्टर, ऑफरची पोस्ट यासाठी कॅनव्हा उत्तम आहे.

तिसरी वाट मला सगळ्यात पटते. जुनी अक्षरं पाटीवर आणि डब्याच्या तोंडावर तशीच ठेवायची, बाकीची मांडणी नवी करायची. वजन, घटक, तारीख यासाठी एक साधा वाचनीय फॉन्ट, दोन ठरलेले रंग, आणि गोल स्टिकर किंवा प्रोफाइल फोटोसाठी एक छोटी खूण, नावाचं पहिलं अक्षर किंवा भट्टीची कमान. पूर्ण नाव मोबाईलच्या त्या टिचभर गोलात मावतच नाही, तिथे जुनी पाटी कितीही सुंदर असली तरी तिचा उपयोग नाही.

कोणतीही वाट धरा, खरी परीक्षा कागदावर होते. हेरिटेज म्हटलं की सगळ्यांना तपकिरी क्राफ्ट पेपर हवा असतो, पण छपाईची शाई बरीचशी पारदर्शक असते, खालचा तपकिरी रंग वर येतो आणि स्क्रीनवरचा गोड पिवळा पिशवीवर मळकट दिसतो. मरून, गडद निळा, काळा हे टिकतात. फिका रंग हवाच असेल तर आधी खाली पांढरी शाई मारावी लागते आणि खर्च वाढतो. बारीक रेघांचंही तसंच. एका कामात मी गव्हाच्या ओंबीचे केसासारखे तुरे तसेच जाऊ दिले, रबरी शिक्क्यावर ते एकमेकांत मिसळले आणि गिऱ्हाइकांना ती शेवटपर्यंत माशीच वाटली. तेव्हापासून मी लोगो दोन सेंटिमीटर रुंदीत, फक्त काळ्या रंगात छापून बघतो. तिथे वाचता आला तरच पुढे. आणि पिशवीवर तो वरच्या बाजूला ठेवा, खालच्या भागात बिस्किटं टेकतात आणि तासाभरात लोण्याचे डाग वर येतात.

स्थापनेचं साल छापायचं असेल तर आधी जुना परवाना किंवा बिल शोधा. आजोबांच्या आठवणीतलं साल आणि कागदावरचं साल पुष्कळदा जुळत नाही.

डिझायनरकडून वेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी कडा स्वच्छ राहणारी) आणि रंगांचे पँटोन नंबर (छपाईच्या रंगांचे ठरलेले क्रमांक) लेखी घ्या, नाहीतर प्रत्येक प्रेसवाला आपल्या मनाचा मरून छापेल. आणि पाटी उतरवायच्या आधी सावली असताना, बरोबर समोरून, बाजूला मोजपट्टी धरून फोटो काढा. एखादा पोपडा सुटला असेल तर खाली नीट बघा, कधीकधी आताच्या रंगाखाली त्याहून जुनी अक्षरं असतात.