मोरोक्कन काळा साबण की हलबची वडी?

शारजा-दुबईकडे नव्याने राहायला आलेली मराठी मुलगी थोडी रुळली की हा प्रश्न विचारतेच. इथल्या अरब बायका त्वचेची निगा किती मन लावून राखतात ते दिसत असतं, आपणही काहीतरी नीट करावं असं वाटायला लागतं. मग दुकानात गेलं की दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. एक, बरणीतला मोरोक्कन काळा साबण आणि सोबत टांगलेला खरखरीत केस्सा, म्हणजे अंग घासायचा हातमोजा. दुसरी, ओबडधोबड कापलेली, वर अरबी शिक्का मारलेली हलबची, म्हणजे सीरियातल्या अलेप्पोची, साबणवडी. दोन्ही ऑलिव्ह तेलाचे, आणि दोन्ही अरब घरांत आईकडून लेकीकडे आलेले. मी दोन्ही वापरले आहेत, आजही दोन्ही माझ्या घरात आहेत. पण रोज हात जातो तो एकाकडेच.

आधी काळा साबण. नेहमीच्या आंघोळीचा साबण समजून घेतलात तर निराशा होईल, कारण तो अंग धुण्यासाठी नाहीच. ऑलिव्हचं तेल, ठेचलेली ऑलिव्ह आणि पोटॅश यांचा तो लगदा असतो. कॉस्टिक सोडा वापरला की साबणाची घट्ट वडी जमते, पोटॅश वापरलं की तो असा दाट काकवीसारखा राहतो. फेस जवळजवळ नाही. वाफेने मऊ झालेल्या कातडीवर तो पाच-दहा मिनिटं बसतो, वरचा मेलेला थर सैल करतो, आणि मग केस्साने तो थर काढायचा. म्हणजे साबण, वाफ आणि केस्सा हे तिन्ही मिळून एक काम आहे. एक जरी वगळलंत तरी बाकीचे दोन लुळे पडतात.

मोरोक्कोत हे तिन्ही गल्लीतल्या हमाममध्ये, म्हणजे सार्वजनिक वाफेच्या न्हाणीघरात, मिळतात. अजूनही अनेक बायका आठवड्यातून एकदा बादली, बसायची चटई, साबण आणि आपापला केस्सा घेऊन तिथे जातात. एकमेकींच्या पाठी घासतात, किंवा तय्याबा, म्हणजे हमाममधली घासून देणारी बाई, ते काम करते. शेवटी घासूल नावाची माती अंगाला आणि केसांना लावतात. तिच्या खाणी मोरोक्कोतच, मूलूया नदीच्या खोऱ्यात आहेत. हा सगळा प्रकार पाणी भरपूर मागतो. 2024 मध्ये दुष्काळामुळे कासाब्लांकासह काही शहरांतले हमाम आठवड्यातून तीन दिवस बंद ठेवायचे आदेश निघाले, तेव्हा तिकडच्या बायकांना ते किती लागलं असेल हे हमाम एकदा अनुभवल्यावर कळतं.

आखातात याचं सलोनमधलं रूप म्हणजे हमाम मग्रबी, आपण म्हणतो तो मोरोक्कन बाथ. लेडीज सलोनच्या पाटीवर तो असतोच. इथल्या मुली लग्नाआधी, ईदच्या आधी आवर्जून करून घेतात, आणि जाणत्या बायका तो त्याच दिवशी न करता दोन-तीन दिवस आधी उरकतात. कारण घासल्यावर त्वचा लालसर होते, आणि तिच्यावर लगेच दाट मेकअप चढवला की चुरचुरते. दोन दिवस मध्ये गेले की मात्र फाउंडेशन असं सपाट बसतं की ब्रश फिरवायला मजा येते. कोपर, टाचा, दंडाच्या मागची बारीक खरखर, वॅक्सिंगनंतर आत वळणारे केस, या सगळ्याला हमामइतकं चांगलं उत्तर मला दुसरं माहीत नाही. पहिल्यांदा हातावरून राखाडी वळ्या निघताना दिसतात तेव्हा आपण इतके दिवस हे अंगावर घेऊन फिरत होतो यावर विश्वास बसत नाही. निव्वळ परिणाम तोलायचा असता तर मी इथेच थांबले असते.

पण सलोन दर आठवड्याला परवडत नाही, आणि ईदच्या आधी तर वेळच मिळत नाही. म्हणून सगळ्याजणी शेवटी बरणी आणि केस्सा घरी आणतात. वाफेचं एक वेळ जमतं. दार लावून गरम शॉवर सोडून ठेवला की खोली बऱ्यापैकी धुरकटते, हमामची सर येत नाही, पण चालून जातं. जे चाललं नाही ते केस्साचं वाळणं.

हे ऐकायला फार क्षुल्लक वाटेल, पण घरचा हमाम माझ्यापुरता याच गोष्टीवर अडला. केस्सा आपल्या टॉवेलसारखा नसतो. त्याची वीण घट्ट आणि सुरकुतलेली असते, घासायची धार तिच्यातूनच येते. त्या सुरकुत्यांत साबणाचा ओशटपणा आणि निघालेली कातडी अडकून बसते. वापरल्यावर तो उलटा करून, वडीने घासून, खळखळून धुवावा लागतो. तेही करायची माझी तयारी असते. पण नंतर तो वाळवायचा कुठे? इथल्या बहुतेक फ्लॅटमध्ये बाथरूमला खिडकी नाही, फक्त एक्झॉस्ट फॅन. ऑगस्टमध्ये समुद्राकडची दमट हवा आली की बाथरूममध्ये टांगलेला केस्सा दुसऱ्या दिवशीही अंगठ्याच्या शिवणीपाशी ओलाच लागतो. नाकाशी नेला की कुबट वास. बाल्कनीत टाकावा तर उन्हाने पुठ्ठ्यासारखा कडक होतो, वर वाळूची बारीक धूळ बसते, आणि ती धूळ पुढच्या वेळी अंगावरच घासली जाते. मशीनमध्ये टाकला तर वीण सपाट होऊन धार जाते. एसीच्या झोतासमोर तो छान वाळतो, पण बैठकीच्या खोलीत अंग घासायचा मोजा टांगून ठेवणं माझ्या मनाला पटत नाही. नुकत्याच सोलून काढलेल्या, उघड्या पडलेल्या त्वचेवर कुबट कापड फिरवायचं नसतं, एवढं तरी कळतं. त्यामुळे प्रत्येक वेळी आधी केस्साचा वास घेऊन बघायचा आणि मग बेत ठरवायचा असं होऊ लागलं, आणि निम्म्या वेळा बेत रद्दच व्हायचा. मुंबईत किंवा रत्नागिरीला आषाढ-श्रावणात हे करायचं मनात असेल तर हाच अनुभव येईल, कदाचित जास्तच.

आता हलबची वडी. तिला काहीच लागत नाही. पाणी आणि हात, बस्स.

ही वडी ऑलिव्ह तेल, लॉरेलच्या फळांचं तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा यांची. लॉरेलला अरबीत घार म्हणतात, आणि साबणालाही साबून घार. आपल्या तमालपत्राचं झाड वेगळं, त्याच्याशी गल्लत नको. थंडीच्या महिन्यांत मोठ्या कढईत ऑलिव्हचं तेल सोड्याबरोबर तीनेक दिवस रटरटत ठेवतात, लॉरेलचं तेल शेवटी घालतात. मग तो हिरवा रस जमिनीवर ओतून पसरतात, गोठला की कापतात, प्रत्येक वडीवर घराण्याचा शिक्का हातोडीने ठोकतात. त्यानंतर वड्यांचे मनोरे रचतात, मध्ये वारा खेळेल इतकी फट ठेवून, आणि सहा-नऊ महिने तसेच सोडून देतात. वाळता वाळता हिरवी वडी बाहेरून सोनेरी-तपकिरी होते. सीरियात युद्ध सुरू झाल्यावर हलबचे बरेच साबणवाले सीमेपलीकडे तुर्कस्तानात गाझियान्तेपकडे गेले आणि तिथे कढया मांडल्या. 2023 च्या फेब्रुवारीतल्या भूकंपाने हलबही हादरलं आणि जिथल्या डोंगरांत लॉरेल होतो तो तुर्कस्तानातल्या अंताक्याचा भागही. तरी साबण येत राहिला. 2024 च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने या कारागिरीला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्याच बैठकीत पॅलेस्टाइनच्या नाबलुसी साबणालाही आणि अरब देशांच्या मेंदीलाही. मला मनापासून आनंद झाला.

वडी पारखायला मला शिकवलं आमच्या मजल्यावरच्या हलबच्या आजींनी. आम्ही सगळ्या त्यांना खालती म्हणतो, अरबीत मावशी. त्या वडी हातात घेतात, अंगठ्याने शिक्क्याच्या कडा चाचपतात, नाकाशी नेतात, आणि दुकानदाराची परवानगी असेल तर कोपरा नखाने खरवडून आतला रंग बघतात. बाहेर तपकिरी, आत हिरवी, मध्ये एक फिकट कडं, अशी असेल तर ती पुरती वाळलेली. बाहेरूनच चकचकीत हिरवी असेल तर कोवळी किंवा रंग घातलेली. घरी आणल्यावर पाण्यात टाकून बघायची, चांगली वडी तरंगते. वास धुरकट आणि औषधी असतो, गुलाबाचा किंवा चमेलीचा आला तर खालती वडी परत ठेवतात. वेष्टनावर पाम तेल लिहिलं असेल तरीही. त्यांच्या घरी या वड्या कपड्यांच्या कपाटात साड्यांच्या घड्यांत ठेवल्यासारख्या अबायांच्या मधोमध असतात. जितकी जुनी तितकी चांगली, असं त्या म्हणतात. खरंच, कपाटात वर्ष काढलेली वडी हळू झिजते.

अंगावर ती कशी वागते? फेस मऊ, फारसा न उसळणारा, पण पाण्याने पटकन निघणारा. घामाने आणि सनस्क्रीनने चिकचिकलेली मान, पाठ तिने हलकी होते, आणि तरीही मला नंतर लोशनसाठी धावावं लागत नाही. पाठीवर उन्हाळ्यात येणाऱ्या पुळ्या माझ्या तरी कमी झाल्या. सगळ्यांच्याच होतील असं मी म्हणणार नाही. थोडा वेळ खरखरीत लूफा घेऊन तिने अंग घासलं तर निम्मं हमामचं काम होतं, आणि लूफा उघड्या जाळीचा असल्यामुळे दमट दिवसातही वाळतो.

उणिवा आहेत. साबणदाणीत पाणी साचू दिलंत तर वडी खालून गिळगिळीत होते, म्हणून खाली जाळी हवीच. डोळ्यात गेली तर चांगलीच झोंबते. शेवटी हा खराखुरा साबण आहे, त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात, त्वचेचा पाचच्या आसपास, त्यामुळे कोरड्या चेहऱ्याला धुतल्यावर ओढल्यासारखं वाटू शकतं. अशांनी चेहऱ्याला दिवसातून एकदाच, रात्री, आणि लगेच दोन थेंब तेल. सौदी किंवा खलिजी, म्हणजे आखाती, पद्धतीचा दाट काजळ-मेकअप हिने निघत नाही. आधी तेलाने काजळ आणि लिपस्टिक पुसून घ्यायची, मग वडी. केसांना काही अरब बायका हीच लावतात, माझ्या केसांना नाही मानवली. आणि गावी बोअरचं जड पाणी असेल, मराठवाड्यात असतं तसं, तर कुठल्याही खऱ्या साबणासारखाच हिचाही फेस कमी होतो आणि अंगावर पांढरट थर राहतो. तिथे शेवटचा तांब्या जड नसलेल्या पाण्याचा घ्यावा. काळ्या साबणालाही हे चुकत नाही.

इसब असेल, त्वचा फाटत असेल तर दोन्हींच्या आधी डॉक्टरांना विचारा, आणि केस्सा तर लांबच ठेवा.

मग कोणी काय घ्यावं? तुमचं लग्न दोन महिन्यांवर असेल, किंवा त्वचा जाड आणि राठ असून कशाला दाद देत नसेल, आणि जवळ एखादं विश्वासाचं मोरोक्कन सलोन असेल, तर हमामच करा. तोही सलोनमध्येच, तिथे त्यांचा ताजा केस्सा आणि त्यांची वाफ. कधीतरी मीही जाते, आणि बाहेर पडताना फार छान वाटतं. पण रोजच्या संसारात, ऑफिसला निघायच्या घाईत, दमट बाथरूममध्ये, माझा कौल हलबच्या वडीला आहे. एका हमामच्या पैशात चांगल्या वड्या बऱ्याच येतात, आणि ती तुमच्याकडून वेळही मागत नाही.

पहिल्यांदा घेणार असाल तर लॉरेलचं प्रमाण कमी असलेली घ्या. जास्त लॉरेलची महाग असते, वासही उग्र, आणि नाजूक त्वचेला ती एकदम सोसेल असं नाही. पहिले काही दिवस फक्त हातापायांना लावून बघा, मग मान, मग चेहरा. दुबईतल्या देरा भागात मसाल्यांच्या बाजारात सुटी वडी मिळते, तिथे भावही होतो. भारतात पाठवायची असेल तर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, साध्या कागदात बांधा आणि पोचल्यावर उघडी करून ठेवायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात तिला घाम फुटतो.