मान दुखतेय: मालिश, मशीनचा शेक, हाताचा उपचार की घरचा व्यायाम?

सोलापुरात मान धरलेली बाई शोधायला लांब जावं लागत नाही. मांडीवर सूप घेऊन हजार विड्यांचा हिशोब पुरा करणारी, युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई मशीनवर वाकलेली, टॉवेलच्या काठाला शिलाई मारणारी, वह्यांचा गठ्ठा तपासणारी शिक्षिका, बाळाला पाजताना तासन्‌तास खाली बघणारी बाळंतीण. सगळ्यांचं दुखणं एकाच जागी, मानेच्या मुळाशी आणि खांद्याच्या उतारावर. कुणी म्हणतं उसण भरली, कुणी म्हणतं शीर दबली. मग शेजारीण मालिश सुचवते, मेडिकलवाला गोळी देतो, डॉक्टर फिजिओथेरपी लिहून देतात. फिजिओकडेही दोन तऱ्हा असतात. एक जण मशीनला जोडून देतो, दुसरा स्वतःच्या हाताने मान हाताळतो.

माझा कौल आधीच सांगते. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर हाताने उपचार करून त्याच बैठकीत व्यायाम शिकवणाऱ्याकडे घाला. व्यायाम न शिकवता नुसतं मान मोकळी करून देणाऱ्याकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं.

एक्स-रेवर 'मणक्यात गॅप' ऐकून घाबरून जाऊ नका. चाळिशीनंतर मणक्यांची झीज न दुखणाऱ्या मानेतही दिसते. बहुतेक दुखणं स्नायू आणि सांध्यांच्या अवघडण्याचं असतं.

मात्र काही मानांना आधी डॉक्टरच लागतो. हातातली वस्तू निसटते, चालताना तोल जातो, लघवी-शौचावरचा ताबा सुटतो, पडल्यावर किंवा अपघातानंतर दुखायला लागलंय, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरतंय (आपल्याकडे मणक्याचा क्षय आजही सापडतो), पूर्वी कॅन्सर झालाय, अशा कुठल्याही बाईने मालिशवालीकडे किंवा थेट फिजिओकडे जाऊ नये. मानेत अचानक कधी नव्हती अशी कळ येऊन सोबत चक्कर, दुहेरी दिसणं, बोलताना जीभ अडखळणं असेल तर सरळ इमर्जन्सी गाठायची. मान आणि जबड्याच्या दुखण्याबरोबर घाम, धाप, मळमळ असेल तर आधी ईसीजी काढायचा. बायकांमध्ये हृदयविकाराचं दुखणं कधी कधी असं मानेत बोलतं आणि 'गॅस असेल' म्हणून वेळ निघून जातो.

हाताने म्हणजे नेमकं काय करतात?

लोकांना वाटतं, मान धरून कट्ट करतात. तसं करणारे आहेत, पण हाताच्या उपचाराचा मोठा भाग त्याहून सौम्य असतो. तुम्ही पालथं झोपायचं, कपाळाखाली दोन्ही हात किंवा घडी केलेला टॉवेल. फिजिओ मानेच्या मागच्या हाडांच्या उंचवट्यांवरून अंगठे फिरवत येते आणि एका जागी थांबते. तिथे तुम्ही आपोआप श्वास धरता, कारण दुखणं तिथेच असतं. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. सेकंदाला एक-दोन वेळा, अर्धा-एक मिनिट. "अक्का, मान सोडा, धरू नका," हे वाक्य दर दोन मिनिटांनी. मग उठवून मान वळवायला लावायची. मघाशी खांद्यापर्यंत न जाणारी हनुवटी आता थोडी पुढे गेली, तर जागा बरोबर सापडली. याला मोबिलायझेशन म्हणतात. दाबाच्या पायऱ्या ठरवणारी पद्धत ऑस्ट्रेलियाच्या मेटलंड यांची. सांध्याला आधार देऊन पेशंटलाच मान हलवायला लावणारी पद्धत न्यूझीलंडच्या मलिगन यांची. आपल्याकडच्या फिजिओंच्या तोंडी ही दोन्ही नावं सतत असतात.

कट्ट आवाजाचा झटका म्हणजे मॅनिप्युलेशन. अनेक अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ५१ चाचण्या तपासल्या होत्या. झटका आणि सौम्य मोबिलायझेशन जिथे समोरासमोर ठेवले होते, तिथे दुखणं कमी होण्यात फारसा फरक निघाला नाही. झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होण्याचा धोका अगदी विरळा आहे, पण झाला तर आयुष्यभराचा ठरू शकतो. सौम्य उपायाने तेच मिळत असेल तर जोखीम कशाला घ्यायची? मानेला झटका मी घेणार नाही आणि बहिणीलाही घेऊ देणार नाही. पाठीच्या वरच्या भागाला दिलेला झटका वेगळा. मानदुखीसाठी तोही वापरतात आणि त्यात मानेच्या रक्तवाहिन्यांवर फारसा ताण येत नाही. संधिवाताचा आमवाती प्रकार, ठिसूळ झालेली हाडं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यांपैकी काहीही असेल तर झटका नकोच, आणि हात लावण्याआधी ते सांगून ठेवायचं. आमवात पुरुषांपेक्षा बायकांत बराच जास्त असतो आणि तो मानेचे सर्वांत वरचे दोन मणके सैल करू शकतो.

समोरासमोर ठेवलं तर

हाताचा उपचार विरुद्ध घरचा व्यायाम, ही खरी लढत. तिच्यावर बायकांचेच दोन अभ्यास आहेत, दोन्ही फिनलंडचे. २००७ च्या अभ्यासात जुनी मानदुखी असलेल्या १२५ बायका होत्या. एका गटाला आठवड्यातून दोनदा हाताचा उपचार, दुसऱ्याने आठवड्यातून पाचदा घरी स्ट्रेचिंग करायचं, आणि चार आठवड्यांनी अदलाबदल. दुखणं दोन्हीकडे जवळपास सारखंच कमी झालं. रोजच्या कामातला त्रास आणि मान-खांद्याचं अवघडणं यांत हाताचा उपचार थोडा सरस ठरला. म्हणजे फुकटातल्या स्ट्रेचिंगने बरीच मजल मारली.

पण वर्षभराचं गणित वेगळं निघतं. २००३ चा अभ्यास ऑफिसात काम करणाऱ्या १८० बायकांचा होता. मानेला आणि खांद्याला ताकद देणारे व्यायाम नेमाने वर्षभर करणाऱ्यांचं दुखणं, नुसतं स्ट्रेचिंग आणि चालणं-पळणं करायला सांगितलेल्या गटापेक्षा बरंच जास्त उतरलं. थोडक्यात, ताण देऊन मोकळं वाटतं, पण टिकतं ते ताकदीने.

तिसरा अभ्यास अमेरिकेतला, २०१२ चा, २७२ जणांचा, त्यात पुरुषही होते. मॅनिप्युलेशनने गोळ्यांपेक्षा जास्त फायदा दिला. मात्र व्यायाम शिकवणाऱ्या दोनच बैठका घेऊन पुढे घरी करणारे लोकही जवळजवळ तिथपर्यंतच पोचले. तुकड्यावर मजुरी मिळणाऱ्या बाईने हा निकाल ध्यानात ठेवावा. अक्कलकोट रोडवरून क्लिनिकला यायचं म्हणजे फीबरोबर रिक्षाभाडं आणि बुडालेल्या विड्याही मोजाव्या लागतात. तिच्यासाठी दहा बैठकांचं पॅकेज चुकीचंच. दोन-तीन बैठकांत मान मोकळी करून घ्यायची, व्यायाम पाठ करून घ्यायचा आणि पंधरा दिवसांनी एकदा दाखवायला जायचं. सिव्हिलच्या फिजिओ विभागातही हे मागून घेता येतं, फक्त सकाळी लवकर गेलेलं बरं.

मशीनचा शेक आणि 'करंट' यांनी तेवढ्यापुरता आराम पडतो. रोज वीस मिनिटं मशीनला जोडून 'झालं, उद्या या' म्हणणाऱ्या ठिकाणी मी पैसे घालणार नाही. नुसत्या शेकासाठी गरम पाण्याची पिशवी घरात असतेच. मानेचा पट्टा दोन-चार दिवस ठीक, महिनाभर लावून ठेवला तर स्नायूच आळशी होतात. मान ओढून धरायला वजन लावायचं ते हातात कळ उतरत असेल तर, आणि तेही तपासूनच.

मालिशला मी नावं ठेवणार नाही. कोमट तेलाचा हात, चार आपुलकीचे शब्द, त्यानंतर लागणारी झोप, हे सगळं खरं आहे, आणि ज्या बाईला दिवसभर कुणी 'बस जरा' म्हणत नाही तिला ते लागतंही. उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल धरायची ग्रीवाबस्ती घेऊनही अनेकींना हलकं वाटतं. हा आराम काही तासांचा, फार तर दिवस-दोन दिवसांचा, एवढं धरून घ्यावा. मालिशवाली हनुवटी धरून मान फिरवायला लागली की मात्र तिथेच थांबवायचं. पायाळू माणसाचा पाय लावून उसण काढायची जुनी रीत कंबरेपाशी असेल तेवढी असू दे, मानेपाशी नको.

कुणी काय निवडावं

नुकतीच मान धरली असेल तर एक-दोन आठवडे शेक आणि हळूहळू हालचाल पुरते, बहुतेक माना तेवढ्यात सुटतात. महिन्याच्या वर रेंगाळली, मान वळतच नाही, किंवा मानेतून निघून डोक्याच्या एकाच बाजूला चढणारं दुखणं आहे, तर हाताचा उपचार घेण्यात अर्थ आहे. या शेवटच्या दुखण्याला मलिगन पद्धतीतला एक घरगुती प्रकार शिकवतात. टॉवेलचा काठ मानेच्या वरच्या मणक्याला अडकवायचा, दोन्ही टोकं पुढे धरायची, एका टोकाने मणक्याला हलकासा ओढ-आधार देत मान वळवायची. आपला जाड सोलापुरी टर्किश टॉवेल यासाठी उपयोगाचा नाही, त्याचा काठ हाडावर बसत नाही. पातळ पंचा लागतो. काठ नेमका कुठे लावायचा ते मात्र एकदा फिजिओकडून दाखवूनच घ्या.

विडीवालीने सूप मांडीवरून उचलून छोट्या पाटावर ठेवावं आणि पाठ भिंतीला टेकवावी. बाळंतिणीने बाळाखाली उशी घेऊन बाळ वर आणावं, आपण वाकू नये. हे बदलल्याशिवाय कुठलाही हात फार दिवस पुरणार नाही.

क्लिनिक ठरवताना फोनवरच विचारा: फिजिओचं महाराष्ट्राच्या फिजिओथेरपी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का, बाई फिजिओ आहे का, आणि पहिल्याच दिवशी व्यायाम शिकवतात का. पुरुष फिजिओ असला तर सोबत कुणाला आत बसवण्याचा तुमचा हक्क आहे. जाताना केस वर बांधा आणि मागून मान मोकळी राहील असा सैल कुडता घाला. नंतर एक-दोन दिवस अंग ठणकणं चालेल, पण हातात नव्याने मुंग्या आल्या तर पुढची बैठक घेण्याआधी सांगा. तीन-चार बैठकांनंतरही मान वळण्यात किंवा रात्रीच्या झोपेत काहीच फरक नसेल तर पाचवीचे पैसे भरू नका, डॉक्टरकडे परत जा.