पुण्यातल्या फ्लॅटसाठी गिझर: गॅसचा, विजेचा की सोलर?

दुकानात जाण्याआधी घरात दोन गोष्टी बघून घ्या. नळाला पाणी खडकवासल्याचं येतं की बोअरचं, आणि बाथरूमला खिडकी कशी आहे. कंपनी आणि किंमत त्यानंतर.

गॅस गिझर लोक घेतात तो झटपट पाण्यासाठी. मिनिटाला ६ लिटर, आणि लाइट गेली तरी चालतो, कारण ठिणगीला सेल पुरतात. २० लिटरची बादली अंघोळीपुरती तापवायला साधारण ५० ग्रॅम गॅस जातो. त्याच बादलीला वीज अर्धा युनिट लागते. आपापल्या दराने गुणून बघा. पण हा गिझर खोलीतलीच हवा घेऊन जळतो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला ना वास, ना रंग. आमच्या आत्याने एका जानेवारीत गार वारा नको म्हणून बाथरूमच्या खिडकीच्या काचा लावून घेतल्या. दुसरी बादली भरेपर्यंत डोकं जड झालं, हातपाय गळाले. कशीबशी कडी काढून ती उंबऱ्यातच बसली. कडीपर्यंत हात पोचला म्हणून आज ती आमच्यात आहे. तेव्हा गॅस गिझर बाथरूममध्ये नकोच. ड्राय बाल्कनीत लावा आणि फक्त पाण्याचा पाइप आत घ्या. घरात पाइपचा गॅस असेल तर पीएनजीचाच गिझर मागा. सिलेंडरवरचा तसाच जोडता येत नाही, जेट आणि दाब दोन्ही वेगळे असतात.

दोघा-तिघांच्या फ्लॅटला मी १५ लिटरचा विजेचा स्टोरेज गिझर, शक्यतो ५ स्टारचा, सुचवेन. २ किलोवॅटच्या कॉइलवर २० अंशांचं पाणी ६० अंशांना यायला वीसेक मिनिटं आणि पाऊण युनिटच्या आत वीज लागते. त्यात गार पाणी मिसळलं की अंघोळीचं ३० लिटर होतं. १६ अँपिअरचा पॉइंट आणि चांगलं अर्थिंग मात्र हवंच. वाघोली-उंड्रीकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी भरत असाल तर कॉइलवर पांढरा क्षार चढतो, पाणी तापायला वेळ लागू लागतो. दरवर्षी कॉइल साफ करून घ्या आणि टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदला.

३ लिटरचा इन्स्टंट फक्त स्वयंपाकघरातल्या सिंकला.

सोलर बंगल्याला किंवा वरच्या मजल्याला उत्तम. महापालिका मालमत्ता करात सवलतही देते. पण खालच्या मजल्यावर राहत असाल तर पाइपची लांबी मोजा. पाऊण इंची पाइपच्या २० मीटरमध्ये पाच-सहा लिटर गार पाणी अडकलेलं असतं, आणि गरम पाणी येईपर्यंत सकाळी प्रत्येक घर ते सोडून देतं. ते पाणी बादलीत धरून कपड्यांना वापरा. जुलै-ऑगस्टच्या झडीत तर विजेचा बॅकअप लागतोच, त्यामुळे सोसायटीत सोलर असलं तरी बाथरूममधला गिझरचा पॉइंट बंद करू नका.