फिनची दूध-कॉफी की हनोईची अंड्याची कॉफी?

व्हिएतनाममध्ये एकच कॉफी प्यायची झाली, तर मी 'का फे सुआ दा', म्हणजे बर्फाची दूध-कॉफी घेईन. पेल्याच्या तळाशी कंडेन्स्ड मिल्कचा जाड थर, वर फिन नावाची धातूची छोटी गाळणी. तिच्यातून रोबस्टा जातीच्या कॉफीचा काळाभोर अर्क थेंब थेंब टपकतो. पाचेक मिनिटं नुसतं बघत बसायचं, मग ढवळून बर्फावर ओतायचं. कडू आणि गोड दोन्ही चवी जिभेवर रेंगाळतात. सायगावच्या उकाड्यात याला तोड नाही.

अंड्याची कॉफी हनोईच्या थंडीतली. १९४६ मध्ये दुधाची टंचाई असताना हनोईतले बारटेंडर न्गुयेन वान गियांग यांनी अंड्यातला बलक फेटून ती घडवली. वास येईल ही भीती सोडा. वर चमच्याने खावा असा मऊसूत फेस असतो. फक्त निवायच्या आत संपवा.