आर्जेंटिनाची बास्केटबॉल लीग, पहाटे साडेपाचला, फोंड्यातून

गोव्यात आर्जेंटिना म्हटलं की फुटबॉल. वर्ल्डकपला वाड्यावाड्यावर निळे-पांढरे झेंडे लागतात, पण त्यांची बास्केटबॉलची सगळ्यात वरची लीग, लीगा नासिओनाल, बघणारा फोंड्यात मला अजून दुसरा भेटला नाही म्हणून हे लिहितोय. दोन सीझन झाले, ऑनलाइन पैसे भरून बघतोय.

टायमिंग एकदम मस्त. ते आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे, म्हणजे तिथली रात्री 9 ची मॅच आपल्याकडे पहाटे 5:30 ला. 10-10 मिनिटांचे 4 क्वार्टर, हाफटाइमच्या आसपास पोदेराचा म्हणजे पाववाल्याचा पों-पों येतो, गरम उंडे (गोल पाव) घ्यायचे, चहा टाकायचा आणि साडेसातला मॅच आटोपून ड्यूटीला जायला मोकळा.

अमेरिकेच्या एनबीए लीगसारखे उंच उडून मारलेले डंक कमी दिसतील हे खरं, पण पासिंग बघा, पाचही जणांचा हात लागल्याशिवाय बॉल बास्केटकडे जात नाही असं कितीदा होतं.

मला लीग आवडते त्याचं खरं कारण मात्र वेगळं आहे. 1985 च्या आधी तिथले क्लब वर्षभर खेळायचे ते आपापल्या शहरात नाहीतर प्रांतात. लिओन नाखनुदेल नावाचा कोच वर्षानुवर्षं मागे लागला की राजधानी आणि लांबलांबचे प्रांत एकाच लीगमध्ये खेळले पाहिजेत, लहान गावातल्या पोराला दर आठवड्याला तगडी टीम समोर मिळाली पाहिजे, आणि त्यातून ही लीग उभी राहिली. पहिला चॅम्पियन राजधानी बुएनोस आइरेसचा फेरो क्लब, पण सगळ्यात जास्त, 9 टायटल कोणाची तर राजधानीबाहेरच्या कोर्दोबाच्या आतेनासची! मानू जिनोबिली, लुईस स्कोला, फाब्रिसियो ओबेर्तो तिघेही आधी ह्याच लीगमध्ये खेळले आणि 2004 ला अथेन्स ऑलिम्पिकमध्ये आर्जेंटिनाकडून सेमीफायनलला अमेरिकेला 89-81 ने हरवून पुढे गोल्ड घेऊन आले. आमच्याकडे तालुक्याच्या पोरांना वर्षाला दोन-चार टुर्नामेंट मिळतात, त्यात पहिल्याच मॅचला हरलं की सामान आवरून घरी, त्यामुळे हे वाचलं तेव्हा पोटात कालवलं.

आणि इथे कोणाची गय नाही हां, खालच्या नंबरची टीम सरळ खालच्या लीगमध्ये जाते. 2023 ला 9 टायटलवाली आतेनाससुद्धा गेली.

तक्रार एकच. मी घेतलेल्या पॅकेजवर व्हिडिओ ऐन चौथ्या क्वार्टरला अडकतो, आणि कॉमेंट्री फक्त स्पॅनिश. शेजारचे काका लहानपणी पोर्तुगीज शाळेत शिकलेले, ते बसले की निम्मं तरी समजावून सांगतात, आकडे तर जवळजवळ तेच. 'त्रिप्ले' म्हणजे तीन पॉइंटचा शॉट, हे मलाही आता झोपेत कळतं.

5 पैकी साडेचार. नवीन असाल तर बोका ज्युनियर्सच्या घरच्या मॅचपासून सुरुवात करा, फुटबॉलमुळे नाव ओळखीचं आणि त्यांचं बोंबोनेरिता इनडोअर स्टेडियम एवढं आटोपशीर की पब्लिक अंगावर आल्यासारखं वाटतं. 17 वर्षांनी 2024 ला त्यांनी टायटल घेतलं. प्लेऑफ, म्हणजे टायटलसाठीच्या शेवटच्या फेऱ्या, आपल्या पावसाच्या तोंडावर येतात आणि पहिल्या सरीला लाईट जाते, तेव्हा मोबाइल रात्रीच फुल चार्ज करून ठेवा.